वाट आणि वाटसरू

परगावच्या मनुष्याने वेशीपाशी थांबून वाट विचारावी आणि ती त्यास कोणी सांगू नये, असे आपल्याकडे सहसा घडत नाही. औत धरलेला शेतकरी बैल थांबवून सांगतो, ओढ्यावर धुणे धुणारी बाई ओल्या हातानेच दिशा दाखविते, आणि एखादे रिकामे गृहस्थ तर चार पावले बरोबर चालून फाट्यापर्यंत पोहोचविल्यावाचून राहत नाहीत. या सांगण्याचे कोणी मोल मागत नाही; मागितलेच तर गाव त्यास नावे ठेवील. परंतु त्याच परक्याने, ‘काल रात्री या वाटेने कोण कोण गेले, कोणाच्या दारी थांबले, किती वाजता परतले?’ असे विचारण्यास आरंभ केला, की तोच शेतकरी कासरा ओढून बैल हाकू लागतो आणि ती बाई तोंड फिरविते. वाट सर्वांची आहे, पण वाटसरू ज्याचा त्याचा आहे, हा भेद त्यांना कोणी शाळेत शिकविलेला नसतो.

भेद इतका उघड असता त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन काय, असे वाचकांस वाटेल. प्रयोजन असे की, वाटेची माहिती आता शेतकऱ्याजवळ व धुणे धुणाऱ्या बाईजवळ राहिलेली नाही. आपण आगगाडीचे तिकीट काढतो, मेट्रोच्या फाटकावर पत्ता टेकवितो, मोबाईलवरून टॅक्सी बोलावितो, टोलनाक्यावरून मोटार नेतो. आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या जाण्यायेण्याची एक ओळ कोठेतरी लिहिली जाते. या नोंदींस हल्ली ‘डेटा’ म्हणतात. त्यांतील काही सरकारी खात्यांकडे असतात, काही नगरपालिकांकडे, काही खाजगी कंपन्यांकडे, काही पोलिसांकडे आणि काही रुग्णालयांत. या सर्वांनी त्या एकमेकांस द्याव्यात काय, दिल्यास कोणत्या अटींवर, आणि ज्याच्या पावलांच्या त्या नोंदी आहेत त्यास या देण्याघेण्यात काही बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न वरवर कारभाराचा दिसला तरी मुळात नीतीचा आहे.

तो आमच्यापुढे कसा उभा राहिला, हे प्रथम सांगणे बरे. आमच्या गावापासून तीन कोसांवर रस्त्यास एक वळण आहे. शेजारच्या घरातील एकोणीस वर्षांचा मुलगा पावसाळ्यातील एका संध्याकाळी मोटारसायकलवरून परत येत असता तेथे घसरला आणि गेला. समाचारास येणारी माणसे ओटीवर बसून बोलत, त्या बोलण्यातून एक चमत्कारिक गोष्ट हळूहळू उघड होऊ लागली. एस.टी.चे एक चालक म्हणाले की, त्या वळणावर आम्ही सगळेच सवयीने गाडी मंद करतो. दवाखान्यातील डॉक्टर म्हणाले की, दर पावसाळ्यात तेथून दोन-चार रुग्ण येतात. एका निवृत्त हवालदारांच्या आठवणीत तेथले कित्येक पंचनामे होते. रस्त्याचे काम पाहिलेल्या एका अभियंत्याने दबक्या आवाजात सांगितले की, वळणावर रस्त्याचा उतार आतल्या बाजूस असावा तो बाहेरच्या बाजूस पडला आहे, आणि तसे आपण एका अहवालात लिहिलेही होते. चौघांस ठाऊक असलेली गोष्ट, पण चौघांपैकी एकानेही ती दुसऱ्यास सांगितलेली नव्हती. यांतील कोणी दुष्ट नव्हता, किंबहुना कोणी विशेष आळशीही नव्हता. प्रत्येकाने आपापल्या वहीत आपापली ओळ चोख लिहिली होती. वह्या मात्र एका टेबलावर कधीच आल्या नव्हत्या.

ही कथा एका वळणाची नव्हे. 2022 साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली, असे सरकारी अहवालातच नमूद आहे. यांतील सर्व मरणे वह्या एकत्र न आल्यामुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु वह्या एकत्र आल्याने काय होऊ शकते याचा दाखला आपल्याच प्रांतात आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 जण दगावले. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्र ही खाजगी कंपनी यांनी मिळून या रस्त्यावरील प्राणहानी शून्यावर आणण्याचा संकल्प केला. अपघाताच्या जागी जाऊन त्याचे कारण शोधावयाचे, पोलिसांच्या नोंदी रस्ता बांधणारांपुढे ठेवावयाच्या आणि जखमीस मदत किती वेळात पोहोचते ते मोजावयाचे, असा तो साधा क्रम होता. पुढील वर्षांत मृत्यूंचा आकडा निम्म्याच्या आसपास उतरला. 2021 साली महाराष्ट्रासह सहा राज्यांत अपघातांच्या नोंदींचा जो सामाईक कोश प्रयोगादाखल सुरू झाला, त्यातही पोलीस, परिवहन, बांधकाम व आरोग्य या चार खात्यांनी एकाच नोंदीत आपापला भाग भरावा अशीच योजना आहे. ज्याच्याजवळ असे ज्ञान आहे आणि जो ते केवळ ‘आमच्या खात्याचे’ म्हणून कुलपात ठेवतो, तो निरुपद्रवी मनुष्य आहे असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही. न सांगणे हेही एक कृत्य आहे, आणि त्याचे फळ कोणास तरी भोगावे लागते.

वाटेचे ज्ञान एकत्र केल्याने माणसाचा किती लाभ होतो याचे सर्वांत सुंदर उदाहरण मात्र रस्त्यावरचे नसून समुद्रावरचे आहे. मॅथ्यू फाँटेन मॉरी हा अमेरिकन आरमारातील अधिकारी 1839 साली घोडागाडीच्या अपघातात पायाने अधू झाला. जहाजावर जाण्यास अयोग्य ठरल्यामुळे 1842 साली त्यास वॉशिंग्टन येथे नकाशे व उपकरणे यांच्या कोठारावर नेमण्यात आले. तेथे जुन्या जहाजांच्या रोजनिशांचे ढीग धूळ खात पडले होते. अमुक दिवशी अमुक ठिकाणी वारा कोणत्या दिशेचा होता आणि प्रवाह कसा होता, एवढ्याच त्या ओळी. मॉरीने त्या एकत्र मांडल्या आणि 1847 साली उत्तर अटलांटिक महासागराचा वारे व प्रवाह यांचा नकाशा प्रसिद्ध केला. पुढील वर्षी बाल्टिमोरहून रिओ द जानेरोस निघालेले एक जहाज या नकाशाच्या आधारे 38 दिवसांत पोहोचले. एरव्ही त्यास 55 दिवसांच्या आसपास लागत.

आमचे लक्ष वेधते ते या यशापेक्षा त्यामागील कराराकडे. जो कप्तान आपली रोजनिशी मॉरीने ठरविलेल्या नमुन्यात लिहून पाठवील, त्यास नकाशा फुकट. म्हणजे जो देतो त्यासच मिळते, आणि दिले त्याहून अधिक मिळते. 1853 सालच्या ऑगस्टमध्ये ब्रुसेल्स येथे दहा राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले व सर्वांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवण्याचे ठरविले. युद्ध पेटले आणि जहाज शत्रूच्या हाती लागले तरी ही नोंदवही पवित्र मानावी, अशीही इच्छा त्या परिषदेने व्यक्त केली. जहाज लुटावे, माल लुटावा, पण वाऱ्याचे ज्ञान लुटू नये व नष्टही करू नये, या विचारात मनुष्यजातीविषयीचा जो विश्वास आहे त्यास तोड नाही.

परंतु याच चित्रास एक काळी बाजूही आहे. त्याच रोजनिशांतून देवमासे कोठे व कोणत्या ऋतूत आढळतात याचा नकाशा मॉरीने 1851 साली काढला, आणि अर्थातच तो शिकाऱ्यांच्या कामाचा होता. वाऱ्यास कोणी पकडू शकत नाही, म्हणून त्याची वाट उघड केल्याने त्याचे काही बिघडत नाही. देवमाशाची वाट उघड करणे म्हणजे त्याचे मरण उघड करणे होय. नोंदवही तीच आणि लिहिणाराही तोच. नोंद वाऱ्याची आहे की जिवाची, एवढ्यानेच तिचा नैतिक अर्थ पालटला.

येथे कर्णपर्वातील कौशिकाची कथा आठवते. नद्यांच्या संगमापाशी राहणारा हा ब्राह्मण ‘मी नेहमी सत्यच बोलेन’ असे व्रत घेऊन बसला होता. एके दिवशी चोरांच्या भयाने पळणारी काही माणसे त्याच्या समोरून वनात शिरली. मागून चोर आले आणि त्यांनी ते लोक कोणत्या वाटेने गेले, असे त्यास विचारले. कौशिकाने खरे ते सांगितले. चोरांनी त्या माणसांस गाठून मारले, आणि सत्यव्रती कौशिक नरकात गेला. श्रीकृष्णाने ही कथा अर्जुनास सांगितली ती सत्य व धर्म यांतील सूक्ष्म भेद दाखविण्यासाठी. पण आजच्या वाचकाने ती पुन्हा वाचल्यास तो चकित होईल. कौशिकाने सांगितले ते काही गूढ तत्त्व नव्हते. कोण, कोणत्या वेळी, कोणत्या वाटेने गेले, ही वाहतुकीची एक ओळच त्याने चोरांच्या हाती दिली होती!

आजचा कौशिक संगमावर बसलेला नसून कचेरीत बसलेला आहे, आणि त्याचा हेतूही बहुधा शुद्ध असतो. न्यूयॉर्क शहरात 2014 साली एका नागरिकाने माहितीच्या कायद्याखाली मागितल्यावरून टॅक्सींच्या मागील वर्षाच्या सुमारे 17 कोटी फेऱ्यांच्या नोंदी देण्यात आल्या. त्यांत चढण्याची जागा, उतरण्याची जागा, वेळ व भाडे ही माहिती होती. उतारूंची नावे मुळातच नव्हती, आणि टॅक्सीचे व चालकाचे क्रमांक सांकेतिक रूपात बदलून टाकलेले होते. परंतु त्या क्रमांकांची घडण ठराविक असल्यामुळे संकेत थोड्याच वेळात उलगडला. मग वर्तमानपत्रांत छापलेल्या चित्रांत प्रसिद्ध माणसे ज्या टॅक्सीत चढताना दिसत होती, तिच्या क्रमांकावरून ती कोठे गेली व त्यांनी चालकास बक्षीस किती दिले हेही एकाने शोधून दाखविले. प्रसिद्ध माणसांचे एवढे बिघडले नसेल. पण मध्यरात्री एखाद्या घराच्या दारात उतरलेल्या अप्रसिद्ध स्त्रीचे काय?

‘नाव पुसून टाकले की झाले’ हे उत्तर आपणांस फार सोयीचे वाटते, पण ते पुरे पडत नाही. 2013 साली काही संशोधकांनी 15 लाख लोकांच्या 15 महिन्यांतील मोबाईलच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे आढळले की, अमुक वेळी मनुष्य साधारण कोठे होता असे केवळ चार ठिपके माहीत असले, तर शंभरांतील पंचाण्णव माणसे गर्दीतून वेगळी काढता येतात. सकाळी घर, दुपारी कचेरी, गुरुवारी दत्ताचे देऊळ आणि महिन्यातून एकदा बहिणीचे गाव, एवढे सांगितल्यावर शेजाऱ्यास नाव सांगण्याची गरज उरते काय? म्हणजे आम्ही आरंभी केलेला वाट व वाटसरू हा भेद आपण समजत होतो तितका स्वच्छ नाही. पायवाट ही पावलांनीच पडते, आणि पाऊल कोणाचे तरी असते.

मग कोणी म्हणेल की, ज्याने या नोंदी खर्च करून जमविल्या त्याच्याच त्या मालकीच्या असाव्यात, म्हणजे हा घोळ मिटेल. आपल्या सरकारनेही काही काळ हाच मार्ग धरला होता. 2019 साली वाहनांच्या व परवान्यांच्या नोंदी घाऊक देण्याचे धोरण ठरून व्यापारी संस्थांस वर्षास तीन कोटी रुपये व शिक्षणसंस्थांस पाच लाख रुपये असा दर लावण्यात आला. 2017 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिलेला होता. आणि खाजगीपणाच्या व दुरुपयोगाच्या शंकेमुळेच हे धोरण 2020 सालच्या जूनमध्ये मागे घेण्यात आले. मागे घेतले हे योग्यच झाले. परंतु विकणे थांबले म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. चोराच्या भीतीने विहिरीवर झाकण घालून कुलूप लावले, तर चोराबरोबर तहानलेलाही परत जातो.

विकणे व कोंडणे या दोहोंवाचून तिसरा मार्ग आहे काय? आमच्या मते तो आहे, आणि त्याचे नाव आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी ठेवलेले आहे. ते म्हणजे ठेव. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे गणली, त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेपास स्थान दिले. याज्ञवल्क्यस्मृतीत उपनिधीचे प्रकरण आहे. उघड मोजून व दाखवून ठेवलेला तो निक्षेप, आणि भांड्यात बंद करून, आत काय आहे हे न सांगता ठेवलेला तो उपनिधी, असा भेद टीकाकार करतात. फाटकावर पत्ता टेकविणारा उतारू दररोज असाच एक उपनिधी ठेवून जातो; फरक इतकाच की, आत काय आहे हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. अशा ठेवीविषयी स्मृतीचा दंडक स्पष्ट आहे. राजाने, दैवाने किंवा चोराने ती नेली तर ठेवून घेणाऱ्यास दोष नाही. मागितली असता जो देत नाही, त्याजकडून ती मागाहून नष्ट झाली तरी भरून घ्यावी. आणि जो आपल्या मर्जीने तिच्यावर उपजीविका करील, त्यास दंड करून ती वाढीसह परत देवविली पाहिजे.

उपमा सर्वांशी लागू पडत नाही, हे आम्हांस मान्य आहे. सोन्याची ठेव एकट्याची असते; प्रवासाच्या नोंदीस किंमत येते ती हजारोंच्या नोंदी एकत्र मिसळल्यावर. म्हणून ही ठेव तिजोरीतल्या डब्याप्रमाणे नसून गावच्या पेवातील धान्याप्रमाणे आहे. पेवात ओतलेला माझा दाणा मला ओळखून परत मिळणार नाही, आणि मिळूही नये. पण दुष्काळाच्या वर्षी माझ्या घरी माझा वाटा आला पाहिजे. पेव राखणाऱ्याने राखणावळ घ्यावी, कारण श्रम व खर्च त्याचे आहेत. परंतु धान्य आपले म्हणून त्याने बाजारात विकू नये, आणि किल्ली हरवल्याची सबब सांगून ते कुजूही देऊ नये. या दृष्टीने पाहता खाजगी कंपनीस जी मर्यादा, तीच सरकारी खात्यास आहे. ठेव गिळणारा सावकार असला काय किंवा कारकून असला काय, ठेवणाऱ्यास सारखेच.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, ज्याने काही वाईट केले नाही त्याने लपविण्याची धडपड का करावी? कौशिकाच्या समोरून पळालेल्या माणसांनी तरी काय वाईट केले होते? लपण्याची गरज अपराध्यालाच असते असे नाही. ज्याच्या मागे चोर लागला आहे त्यास ती अधिक असते, आणि आज आपल्या मागे कोणी लागलेले नाही म्हणून उद्या लागणार नाही अशी हमी कोण देणार? दुसरा आक्षेप याच्या उलट आहे. विश्वस्त भले असता एवढ्या अटी कशास? यास मॉरीचेच उत्तर आहे. राष्ट्राराष्ट्रांस ज्ञानाच्या धाग्याने जोडणारा हा पुरुष 1861 साली यादवी युद्ध सुरू होताच दक्षिणेच्या बंडखोर पक्षास मिळाला, आणि बंदरांत पेरावयाचे स्फोटक सुरुंग सिद्ध करण्यात त्याने आपली बुद्धी खर्च केली. माणसे पालटतात, कंपन्या विकल्या जातात, सरकारे बदलतात. म्हणून विश्वास माणसावर ठेवावा तो ठेवावाच, पण ठेव मात्र नियमांच्या स्वाधीन करावी. कोणास दिले, कशासाठी दिले आणि काम झाल्यावर काय उरविले, हे ज्याची ठेव आहे त्यास विचारता आले पाहिजे व त्याचे उत्तर मिळाले पाहिजे.

वेळापत्रके, थांबे, गाडी आता कोठे आहे, पूल केव्हा बंद आहे, ही निव्वळ वाट आहे. ती सर्वांस मुक्तहस्ताने द्यावी. अमेरिकेतील पोर्टलंड येथील परिवहन संस्थेने 2005 साली आपली वेळापत्रके गूगल कंपनीस दिली व दोघांनी मिळून ती मांडण्याचा एक नमुना ठरविला. आज जगातील असंख्य शहरांच्या गाड्या त्याच नमुन्यात मांडल्या जातात. यात कोणाचे काही गेले नाही. माणसांच्या फेऱ्या मात्र कामापुरत्या, मोजक्या हातांत, ठोक बेरजेच्या रूपाने द्याव्यात. आणि जेथे बेरीज इतकी लहान असेल की तीतून माणूस दिसू लागेल, तेथे हात आखडावा. या दोन टोकांच्या मध्ये जे अवघड प्रसंग येतील ते नियमाने सुटणार नाहीत. तेथे कोण विचारतो आहे व कशासाठी, हे पाहूनच ठरवावे लागेल. कौशिकाने नेमके तेवढेच पाहिले नाही. त्याच संगमावर चोरांऐवजी पुराची वर्दी घेऊन गावकरी धावत आले असते, तर वनात गेलेल्यांची वाट सांगणे हाच धर्म झाला असता.

आमच्या शेजाऱ्यांची हकीकत अपुरी राहिली आहे, ती पुरी करून थांबतो. मुलाचे दिवस झाल्यावर ते गृहस्थ स्वतः चारही ठिकाणी गेले. त्यांनी कोणाविरुद्ध तक्रार केली नाही. त्या वळणावरील अपघातांची तारीख, वेळ व गाडीची दिशा एवढेच ते मागत होते. बहुतेक ठिकाणी प्रथम नकार मिळाला. दवाखान्यातील कारकून मात्र बराच वेळ घुटमळले; मग त्यांनी नोंदवही उघडली, नावांच्या रकान्यावर कोऱ्या कागदाची एक पट्टी ठेवली, आणि ती बोटांनी दाबून धरून म्हणाले, “बाकीचे उतरून घ्या, दादा.” त्या कागदांच्या जोरावर पुढे वर्षभराने रस्त्याचा उतार दुरुस्त झाला.

त्या पट्टीविषयी आम्ही त्यांस एकदा विचारले. ते म्हणाले, “पट्टी होती खरी, पण शेवटची ओळ कोणाची ते मला तारखेवरूनच कळले. तिच्या वरच्याही दोन ओळी कळल्या; गाव केवढे ते तुम्हांस ठाऊकच आहे.” आम्ही पुढे विचारले, “मग त्या घरी कधी काही बोललात?” त्यांनी मानेनेच नकार दिला, आणि वहीत उतरून घेतलेल्या तारखांचा तो कागद काम झाल्यावर आपण जाळून टाकल्याचे सांगितले.